जर्मनीत पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? नवरा कॅथलिक, बायको सीएनआय

बावखल

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं श्टुटगार्टला राहायला जातोय. मी वसईचा, कॅथलिक. बायको नगरची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची. दोघांचीही नोकरी तिथेच ठरली आहे.

तिथे पोहोचल्यावर महापालिकेत पत्ता नोंदवायचा, त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो आणि त्यावरून पगारातून चर्चचा कर कापतात, इथपर्यंत कळलं आहे. पुढचं मात्र ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं रकाना कोराच ठेवा, कुणी म्हणतं नुसतं 'ख्रिश्चन' लिहा, तर कुणी सांगतं की खोटं लिहिलंत तर मागची थकबाकी काढतात. आम्हाला खोटं लिहायचं नाही, पण कशावर सही करतोय ते नीट समजून घ्यायचं आहे.

आणखी थोडं: इथून निघताना धर्मग्रामातून (पॅरिशमधून) आणि मंडळीतून कोणते कागद घ्यावेत? तिथला रविवार, नाताळ, ईस्टर यांत कुठे फसगत होते? आणि शनिवार-रविवारी फिरायला जावं अशी, आपल्याशी काही नातं असलेली ठिकाणं जवळपास आहेत का?

सोनई

सलाम. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: या रकान्याच्या बाबतीत तुम्हा दोघांची स्थिती सारखी नाही. म्हणूनच तुम्हाला इतकी वेगवेगळी उत्तरं मिळत आहेत.

कॅथलिक चर्चच्या हिशेबात बाप्तिस्मा जगात कुठेही झालेला असो, माणूस त्याच एका चर्चचा सदस्य असतो. वसईत बाप्तिस्मा झालेला माणूस श्टुटगार्टला राहायला आला की तो आपोआप रोटेनबुर्ग-श्टुटगार्ट धर्मप्रांतात येतो. फॉर्मवर तुम्ही फक्त असलेली वस्तुस्थिती सांगत असता. त्यामुळे तुम्ही 'धर्म नाही' लिहिलंत तर ते विधानच खोटं ठरतं, आणि पुढे मुलाच्या बाप्तिस्म्याला किंवा कुणाचे धर्मपिता व्हायच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला समोर आला की मागच्या कराचा प्रश्न उभा राहू शकतो.

वहिनींचं वेगळं आहे. फॉर्मवर 'एव्हांगेलिश' लिहिलं की त्याचा अर्थ नुसता 'प्रोटेस्टंट' असा होत नाही. त्या शब्दाने तिथल्या प्रादेशिक प्रोटेस्टंट चर्चचं, म्हणजे तुमच्या बाबतीत व्युर्टेम्बेर्गच्या लांडेसकिर्खंचं, सदस्यत्व सुरू होतं. परदेशातून आलेल्या प्रोटेस्टंट माणसाने नोंदणी कार्यालयात असं सांगितलं की त्या चर्चच्या नियमानुसार तो सदस्य होतो. म्हणजे वहिनींच्या बाबतीत लिहिण्यामुळे गोष्ट घडते, तुमच्या बाबतीत ती आधीच घडलेली आहे. त्या सीएनआयच्या आहेत, लांडेसकिर्खंच्या नाहीत, हे खरंच आहे. तिथल्या मंडळीत सामील व्हायचं असेल तर 'एव्हांगेलिश' लिहावं. नसेल तर 'कर घेणाऱ्या कोणत्याही चर्चची सदस्य नाही' हे त्यांच्यापुरतं खरं उत्तर आहे. हा निर्णय कार्यालयातल्या खिडकीपुढे उभं राहून घेऊ नका, घरून ठरवूनच जा.

नुसतं 'ख्रिश्चन' किंवा 'क्रिस्टलिश' कधीही लिहू नका. संगणकात असा पर्यायच नसतो. मग समोरचा कर्मचारी अंदाजाने 'एव्ही' (एव्हांगेलिशचा संक्षेप) दाबून मोकळा होतो आणि वसईचा कॅथलिक कागदोपत्री प्रोटेस्टंट होतो. तुमच्यासाठी पूर्ण शब्द 'र्योमिश-काटोलिश', संक्षेप 'आरके'. सही करण्याआधी छापून दिलेला कागद वाचा. धर्माची ओळ छोटी असते, आणि नंतर ती बदलायला पुन्हा फेरा पडतो.

आता पैसे. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग (श्टुटगार्टचं राज्य) आणि बायर्न (बव्हेरिया) या दोन राज्यांत चर्चकर 8 टक्के आहे, बाकी राज्यांत 9. हे टक्के पगारावर नसतात, आयकरावर असतात. पगारपत्रकावर 'लोनश्टॉयर' (पगारातून कापलेला आयकर) महिन्याला 800 युरो दिसत असेल तर चर्चकर 64 युरो, वर्षाचे 768. वार्षिक विवरणपत्रात ही रक्कम खास खर्च म्हणून वजा करता येते. तुमच्या वरच्या टप्प्याचा कर 35 टक्के धरला तर त्यातले 270 च्या आसपास परत येतात. विवरणपत्र न भरणारी माणसं हे पैसे दरवर्षी सोडून देतात.

दोघंही सदस्य झालात, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, तरी एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसत नाही. बहुतेक राज्यांत एकत्र विवरण भरणाऱ्या अशा जोडप्याचा कर दोन्ही चर्चमध्ये निम्मा-निम्मा वाटला जातो. दोघांपैकी एकच सदस्य असेल आणि त्याचं उत्पन्न जोडीदाराच्या मानाने फारच कमी असेल, तर काही राज्यांत 'बेझोन्डेरेस किर्खगेल्ड' नावाची वेगळी आकारणी होते. तुम्ही दोघं कमावते आहात, त्यामुळे त्याची काळजी नको.

पहिलं पगारपत्रक आलं की त्यावर 'आरके' किंवा 'एव्ही' बरोबर आहे का ते बघा. बँकेतलं व्याज आणि शेअरवरचा लाभांश यांवरही हा कर बसतो. 2015 पासून बँक ही माहिती केंद्रीय कर कार्यालयातून स्वतःच घेते. दरडोई 1000 युरोपर्यंतच्या अशा उत्पन्नाला सूट आहे, पण बँकेत सूट-अर्ज भरून ठेवला तरच ती आपोआप मिळते.

कर द्यायचाच नसेल तर त्याचा सरळ रस्ता म्हणजे 'आउसट्रिट', चर्चमधून बाहेर पडल्याचं अधिकृत निवेदन. तुमच्या राज्यात ते श्टांडेसआम्टमध्ये (जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात) करतात. मात्र कॅथलिक माणसासाठी ती नुसती कराची बाब राहत नाही. जर्मन बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार असं निवेदन करणाऱ्याला कुमसार (पापनिवेदन) आणि ख्रिस्तप्रसाद मिळत नाही, धर्मपिता होता येत नाही. वर्षाचे पाचशे युरो वाचवायला ही किंमत फार मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत.

घंटानाद

सोनईंनी सांगितलं ते बरोबर. त्यात सीएनआयबद्दल थोडी भर घालते.

सीएनआय 1970 मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली आणि ती अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परिवाराचीही सदस्य आहे. श्टुटगार्टमध्ये इंग्रजीतून उपासना होणारी सेंट कॅथरिन्स ही अँग्लिकन मंडळी आहे. अँग्लिकन मंडळ्या सरकारमार्फत कर घेत नाहीत, सदस्यांच्या वर्गणीवर चालतात. बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल अशा फ्री चर्चेसचंही तेच. म्हणून तिकडे जायचं ठरवलंत तर मनाने वर्गणी ठरवून द्या. कर नाही म्हणजे खर्च नाही असं होत नाही, पाळकांचा पगार त्यातूनच निघतो. देणगीची पावती विवरणपत्राला लावता येते, आणि 300 युरोपर्यंतच्या देणगीला बँकेचा उतारा पुरतो.

कागदांचं:

बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले दोघांचेही इंग्रजीत घ्या, सही-शिक्क्यानिशी. जुना घरातला दाखला फाईलमध्ये ठेवा, पण नवा उतारा घ्या. कारण कॅथलिक दाखल्याच्या समासात लग्न, दृढीकरण अशा नंतरच्या नोंदी असतात आणि जर्मन पॅरिश ऑफिसला त्या नोंदींसकट ताजा उतारा लागतो. धर्मपिता-धर्ममाता व्हायचं असेल तरी बाप्तिस्मा आणि दृढीकरण दोन्ही झाल्याचं दाखवावं लागतं.

नावाचं स्पेलिंग आत्ताच ताडून बघा. वसईकडे पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि धर्मग्रामाच्या वहीत पोर्तुगीज वळणाचं दुसरं, असं खूप असतं. फादरांकडून 'ही एकच व्यक्ती' असं लेटरहेडवर लिहून घ्या. तिकडून हे पत्र मागवायला महिने जातात.

लग्नासाठी चर्चच्या दाखल्यावर विसंबू नका. रजिस्ट्रारकडचा विवाह नोंदणी दाखला हवा. त्याचं जर्मन भाषांतर जर्मनीत शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेतलेलं सगळीकडे चालतं. आणि भारतातून अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून लावतात ते सरकारी प्रमाणपत्र) करून आणण्यात पैसे घालवण्याआधी हे लक्षात घ्या: भारत अपॉस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे भारतीय कागदावरच्या अपॉस्टिलला जर्मन कार्यालयात अर्थ नाही. एखाद्या कार्यालयाला शंका आली तर ते भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत कागदाची पडताळणी करून घेतं.

पत्त्याच्या नोंदणीला घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांची मुदत असते. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला आणि घरमालकाने सही केलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आल्याचं पत्र, न्या. नुसता भाडेकरार चालत नाही, इथेच बहुतेकांचा पहिला फेरा फुकट जातो. मुदतीत कार्यालयात भेटीची वेळ मिळाली नाही तर वेळ मागितल्याचा ईमेल जपून ठेवा.

रविवारची मिस्सा

फसगत कुठे होते, त्याबद्दल.

पॅरिशच्या वेळापत्रकात 'गॉटेसडीन्स्ट' दिसलं म्हणजे मिस्साच (ख्रिस्तप्रसादाची उपासना) असं नाही. हा शब्द कोणत्याही उपासनेला लावतात. 'ऑयखारिस्टीफायर' किंवा 'हायलिगे मेस्से' म्हणजे मिस्सा. 'वोर्ट-गॉटेस-फायर' म्हणजे फक्त वचनांची उपासना, बहुधा धर्मगुरूंविना. धर्मगुरूंची संख्या कमी असल्यामुळे चार-पाच चर्चेस मिळून एकच फादर असतात आणि मिस्साची जागा आठवड्यागणिक बदलते. गेल्या रविवारी 10 ला इथे होती म्हणून या रविवारी गेलात तर दार बंद. दर आठवड्याला वेबसाइट किंवा दारावरचा कागद बघा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, प्रवासाला निघणाऱ्यांना ती बरी पडते.

आत शिरताना दाराजवळच्या कपाटातून 'गॉटेसलोब' हे जाडजूड गीतपुस्तक उचला. भिंतीवर लाकडी पाटी असते, तिच्यावर आकडे सरकवलेले असतात. ते त्या दिवशीच्या गाण्यांचे क्रमांक. 142 आणि खाली 1, 3, 5 असेल तर त्या गाण्याची पहिली, तिसरी आणि पाचवी कडवीच गातात. बाकीची गळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आपण एकटेच दुसरं कडवं गात राहतो. उत्तरं जर्मनमध्ये पाठ होईपर्यंत पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडी ठेवा, मिस्साचा सगळा क्रम तिथे छापलेला आहे.

नाताळची रात्र. 24 तारखेला दुपारी 3-4 ला गर्दी उसळते ती 'क्रिप्पनफायर'ला, म्हणजे मुलांच्या गोठ्याच्या नाटकाला. तिथे बहुधा ख्रिस्तप्रसाद नसतो. मिस्सा हवी असेल तर 'क्रिस्टमेटे' शोधा. ती आपल्यासारखी बाराला नसते, पुष्कळ ठिकाणी रात्री 10 ला किंवा त्याआधीच होते. बाराला जाऊन पोहोचलात तर दिवे मालवलेले दिसतील.

दुकानं 24 ला फार तर दुपारी 2 पर्यंत. 25 आणि 26 दोन्ही सुट्ट्या. 2026 मध्ये 25 ला शुक्रवार आहे, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस सगळं बंद. दूध, पाव, मांस 23 लाच भरून ठेवा. ईस्टरला शुभ शुक्रवार बंद, शनिवारी उघडं, रविवार-सोमवार पुन्हा बंद. कॅथलिक चर्चमध्ये शुभ शुक्रवारची उपासना दुपारी 3 ला असते, सकाळी नाही.

तुमच्या राज्यात 6 जानेवारी, ख्रिस्तशरीराचा सण आणि 1 नोव्हेंबर या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. 6 जानेवारीच्या आसपास तीन राजांच्या वेशात मुलं दारी येतात, गाणं म्हणतात, गरीब देशांतल्या मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि दाराच्या चौकटीवर खडूने 20*सी+एम+बी+26 अशा धर्तीवर लिहून जातात. वरचे आकडे वर्षाचे. मधली अक्षरं 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची. ते पुसायचं नसतं, वर्षभर राहू देतात. आधी पॅरिश ऑफिसात नाव दिलं नाही तर मुलं काही ठिकाणी तुमच्या इमारतीत येतच नाहीत.

रविवारी ड्रिल, हातोडा, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकणं बंद. घर लावताना पडद्यांच्या दांड्या शनिवारी संध्याकाळच्या आत बसवून घ्या.

बावखल

सगळ्यांचे मनापासून आभार. रकान्याचं कोडं आता सुटलं. माझं 'र्योमिश-काटोलिश' नक्की, आणि बायको आधी दोन्ही मंडळ्यांत जाऊन बघणार मग ठरवणार म्हणते. तिने सुरुवातीला सदस्य नाही असं लिहिलं आणि सहा महिन्यांनी लांडेसकिर्खंत सामील व्हायचं ठरलं तर अडचण येईल का? आणि फिरण्याबद्दल, खाण्याबद्दलही सांगा ना कुणीतरी.

सोनई

अडचण नाही. जवळच्या मंडळीच्या पाळकांना भेटायचं, बाप्तिस्म्याचा दाखला दाखवायचा, एक अर्ज सही करायचा. नोंदणी कार्यालयाला ते कळवतात आणि त्यानंतरच्या महिन्यांपासून कर सुरू होतो. आत येणं सोपं आहे. बाहेर पडायला मात्र श्टांडेसआम्टची फी भरावी लागते आणि तो दाखला आयुष्यभर जपावा लागतो. म्हणून आधी बघून मग ठरवणं हाच क्रम चांगला.

कौलारू

फिरण्याचं मी सांगतो, कारण तुमच्या भागातून आपल्याकडचे धागे खरोखर निघतात.

आधी तिकीट. डॉइचलांडटिकेट जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो. देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. फलाटावर एकाच वेळी दोन्ही उभ्या असतात, तेव्हा गाडीच्या क्रमांकाआधी आरई, आरबी, एस किंवा एमईएक्स आहे ना ते बघूनच चढा. ही वर्गणी आहे, पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा. तिकीट नावावर असतं, ओळखपत्र सोबत हवं.

उल्म तासाभरावर. तिथल्या कॅथीड्रलसारख्या दिसणाऱ्या म्युन्स्टर या चर्चचं काम 1377 मध्ये सुरू झालं आणि मनोरा 1890 मध्ये पुरा झाला. 161.53 मीटर, 2025 पर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च. वर जायला 768 पायऱ्या. हे प्रोटेस्टंट चर्च आहे, वहिनींना दाखवाच. मनोऱ्याचे वरचे टप्पे दुरुस्तीसाठी बंद असू शकतात, निघण्याआधी बघून घ्या.

स्वित्झर्लंडमधलं बाझेल मात्र आवर्जून करा. कोकणात, गोव्यात घरांवर जी मंगलोरी कौलं आहेत, त्यांचा पहिला कारखाना 1865 मध्ये मंगळूरला बाझेल मिशनने काढला. बाप्तिस्मा घेतल्यामुळे जातीबाहेर पडलेल्या, धंदा-शेती गमावलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून मिशनने विणकाम आणि कौलांचे कारखाने सुरू केले होते. मंगळूरच्या नद्यांकाठची चिकणमाती आणि यंत्राने दाबलेलं खाचेचं कौल. एक कौल दुसऱ्याच्या खाचेत बसतं म्हणून वाऱ्याने सरकत नाही आणि हाताने घडवलेल्या नळीच्या कौलांपेक्षा कमी लागतात. या मिशनची स्थापना 1815 मध्ये बाझेलला झाली आणि तिथे जाणारे पुष्कळ मिशनरी तुमच्या व्युर्टेम्बेर्गमधलेच होते. मिशनचं जुनं दफ्तर बाझेलमध्ये आहे, आधी वेळ मागून मगच जा. तुमचं तिकीट बाझेलच्या बाडिशर बानहोफ या स्टेशनपर्यंत चालतं, पुढे ट्रामचं तिकीट वेगळं काढायचं. कार्ल्सरूहमार्गे प्रादेशिक गाड्यांनी 4 तासांच्या आसपास लागतात, म्हणून मुक्कामाची तयारी ठेवा.

कॅथलिकांसाठी वाइनगार्टन. ख्रिस्ताच्या रक्ताचा पवित्र अवशेष घेऊन घोडेस्वारांची मोठी मिरवणूक निघते, स्वर्गारोहणाच्या सणानंतरच्या शुक्रवारी. श्टुटगार्टहून राफेन्सबुर्गपर्यंत गाडी, मग बस. मिरवणूक पहाटे लवकर सुरू होते, त्यामुळे आदल्या रात्री राफेन्सबुर्गलाच उतरा. खोली दोन-तीन महिने आधी धरा.

लांबच्या प्रवासात हाले. तिथल्या फ्रांके संस्थेतून त्सीगेनबाल्ग हा प्रोटेस्टंट मिशनरी निघाला आणि 1706 मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरला. मुंबईच्या झेवियर कॉलेजचे 1869 मधले संस्थापकही जर्मन जेझुइटच. हे ठाऊक असलं की जर्मन चर्चमध्ये आपण अगदीच परके वाटत नाही.

शेंगेन देशांत फिरताना पासपोर्ट आणि निवासपत्राचं कार्ड दोन्ही मूळ प्रती बाळगा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे. व्हिसा संपला, कार्ड यायचं आहे आणि हातात फक्त तात्पुरता कागद आहे अशा काळात सीमा ओलांडण्याचा बेत करू नका. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाला जाणार असाल तर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून थेट वेगवान गाडी आहे, सुमारे 5 तास. श्टुटगार्टची गाडी पॅरिसला 'गार द लेस्त'वर येते. दोन स्टेशनांमध्ये मेट्रो क्रमांक 4 आहे, बदलायला किमान सव्वा तास ठेवा.

सांदण

खाण्याचं थोडक्यात.

भारतातून मांस आणि दूध घातलेलं काहीही आणू नका. तूप, पेढे, मटणाचं लोणचं, सगळं विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय बंद. नारळ चालतो. बॉटल मसाला, कोकम, तिरफळ आणा. मसाल्याला दोन प्लास्टिक पिशव्या आणि वर डबा, नाहीतर बॅग उघडेपर्यंत सगळे कपडे हळदीचे.

मैदा म्हणजे पाकिटावर 'टाइप 405'. फुग्यांसाठी (तेलात तळायच्या पावाच्या गोळ्यांसाठी) मात्र 'टाइप 550' घ्या, पीठ जास्त ताणतं आणि फुगे तेलात फाटत नाहीत. नाताळच्या कुलकुलांना रवा हवा तर 'वाइखवाइत्सनग्रीस' असं लिहिलेला. शेजारीच 'हार्टवाइत्सनग्रीस' ठेवलेला असतो, त्याने कुलकुलं दगडासारखी होतात. इंदियालसाठी (डुकराच्या मांसाच्या रश्शासाठी) खाटिकाकडे 'श्वाइनेबाउख' मागा, पोटाचं मांस चरबीच्या थरांसकट. कातडीशिवाय हवं असेल तर 'ओने श्वार्टे' म्हणा. तिथला साधा व्हिनेगर 5 टक्के आम्लाचा असतो, पण त्याच फळीवर 25 टक्क्यांचं 'एसिगएसेन्त्स' असतं, बाटली तशीच दिसते. ते ओतलंत तर पातेलंभर मांस वाया जाईल. लेबलावरचा आकडा वाचूनच उचला.